करवंदीच्या जाळीवर जेसीबी घालण्याआधी हे वाचा



आज थोडं कडू लिहितोय. एप्रिल-मे आला की आमच्या भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात जेसीबी बांधावर चढतो. "बांध साफ करून घेतोय" म्हणायचं आणि फळांनी लगडलेली करवंदीची जाळी मुळासकट उपटायची. वरून पेटवून द्यायची. आणि हेच आपण हिवाळ्यात पोरांना गाडीत घालून पाचगणी-महाबळेश्वरला नेतो, पैसे मोजून स्ट्रॉबेरी तोडायला लावतो, फोटो काढतो. तिथल्या शेतकऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याने आपल्या फळाची किंमत ओळखली. आपण ओळखली नाही, एवढंच.

जाळी काढायची कारणं मला पाठ आहेत. पहिलं, सावली पडते. अरे, करवंद म्हणजे आंबा नव्हे, झुडूप आहे. फळ संपलं की कोयत्याने छाटा, हवं तेवढंच ठेवा. दुसरं, जागा अडते. मग तीच जागा मोकळी करून तारेच्या कुंपणाला पैसे का घालता? दाट काटेरी जाळीतून जनावर सहसा घुसत नाही. उताराच्या बांधाचा मुरूमही तिची मुळं धरून ठेवतात. जाळी गेली की पहिल्याच मोठ्या पावसात बांध ढासळतो आणि मग पुन्हा जेसीबी! तिसरं, साप. साप उंदरामागे येतो. पोरांना पायात बूट घाला, आधी काठीने जाळी हलवा, आत हात खुपसू देऊ नका. झालं.

आणि पोरांना न्याच. शाळेला सुट्टी आणि करवंद पिकणं एकाच वेळी येतं, यापेक्षा सोय काय पाहिजे? काळं झालेलं आणि हात लावताच सुटणारं तेवढंच घ्यायचं, फांदी मोडायची नाही, थोडं बुलबुलांना ठेवायचं, हे पोरगं जाळीपाशीच शिकतं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ किती घरांत उरलाय? हाताला चीक लागला तर आधी गोडं तेल चोळायचं, मग साबण.

"एवढ्या करवंदांचं करायचं काय?" असं विचारणाऱ्यांसाठी. हिरव्या करवंदांचं लोणचं घाला. देठ काढून मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक निघतो. मग धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करायची. किलोला दीडशे ग्रॅम मीठ, मोहरीची पूड, तिखट, हळद, हिंग. तेल कडकडीत तापवून गार झाल्यावरच ओतायचं आणि फोडींच्या वर बोटभर राहिलं पाहिजे. पिकलेल्या करवंदांना थोड्या पाण्यात वाफ द्या, कुस्करा, गाळा. किलोभर रसाला दीड किलो साखर घालून उकळा आणि उकळून वाळवलेल्या बाटलीत गरमच भरा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाटलीभर पाण्याच्या पावडरी विकत आणायला नकोत.

कृषी सहायक आणि अधिकारी मंडळींनाही एक विचारतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची 'कोकण बोल्ड' ही जात काढली. मग शिवारफेरीत तुमच्या तोंडून ड्रॅगन फ्रूटच का ऐकू येतं? बांधावरच्या, पाणी न मागणाऱ्या फळाबद्दल दोन शब्द बोलायला कुठल्या योजनेची गरज आहे?

ज्यांनी जाळ्या आधीच काढल्यात, त्यांनी यंदा पिकलेल्या करवंदांचं बी फेकू नका. ते ताजंच रुजतं, साठवून ठेवलं तर वाया जातं. जूनमध्ये पिशव्यांत टाका, रोपं हातभर झाली की पुढच्या पावसाळ्यात बांधावर दोन-तीन फुटांवर लावा. आणि ज्यांच्या जाळ्या अजून शाबूत आहेत, त्यांनी जेसीबीवाल्याला बांध दाखवताना जाळीच्या अलीकडेच थांबवा.