वाढणारे हात कुणाचे?

पेरू म्हटलं की आपल्याला तिखट-मीठ लावलेली फोड आठवते. पण पेरू नावाचा एक देशही आहे, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथल्या गरीब वस्तीतल्या बायकांनी गेल्या पन्नास वर्षांत जे करून दाखवलं, ते आपल्या महिला मंडळातल्या आणि बचत गटातल्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं.

या देशाची राजधानी लिमा. समुद्रकाठी असूनही इथं पाऊस जवळजवळ पडतच नाही. किनारा म्हणजे वाळवंटच. १९७१ साली शहरात घर नसलेल्या हजारो कुटुंबांनी मोकळ्या जागेवर मुक्काम ठोकला, तेव्हा सरकारनं त्यांना उचलून दक्षिणेकडच्या ओसाड वाळूवर नेऊन सोडलं. पाणी नाही, वीज नाही, चटयांच्या भिंतींची झोपडी. वस्तीचं नाव व्हिया एल साल्वादोर. लोकांनी तिथं शिस्तीनं आखणी केली. चोवीस घरांचा एक चौक, असे सोळा चौक मिळून एक गट आणि मधोमध शाळेसाठी, मुलांना खेळण्यासाठी राखून ठेवलेली जागा. आज तिथं जवळपास चार लाख माणसं राहतात.

जागा मिळाली, पण पोटाचं काय? लिमाच्या गरीब वस्त्यांतून सत्तरच्या दशकाच्या शेवटी सामाईक स्वयंपाकघरं सुरू झाली. त्यांना म्हणतात 'कोमेदोर पोपुलार'. हिशेब अगदी आपल्या ओळखीचा. वीस-पंचवीस जणींनी एकत्र यायचं, घाऊक बाजार करायचा, पाळ्या लावून रांधायचं आणि अगदी कमी पैशांत ताट द्यायचं. घरात आजारपण असेल, कमावतं माणूस गेलं असेल, तर त्या घरची ताटं फुकट. कुणाच्या घरची चूल पेटली नाही हे सरकारी कागदाला कळत नाही, शेजारणीला कळतं. या स्वयंपाकघरांची खरी ताकद हीच.

पुढं १९८४ मध्ये लिमाचे महापौर अल्फोन्सो बारान्तेस यांनी लहान मुलांसाठी रोज पेलाभर दुधाची योजना सुरू केली. दूध वाटायचं काम गल्लीगल्लीतल्या आयांच्या समित्यांकडे होतं. पण बायका तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हजारोंनी मोर्चा काढला आणि १९८५ च्या जानेवारीत देशभरासाठी तसा कायदा करून घेतला. आज एक महापौर आहे, उद्या दुसरा येईल, मुलाचं दूध कुणाच्या मर्जीवर का राहावं, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला.

या कामाची किंमतही मोजावी लागली. मारिया एलेना मोयानो ही व्हिया एल साल्वादोरच्या महिला महासंघाची पुढारी, पुढे तिथली उपमहापौर. 'सेंदेरो लुमिनोसो' या सशस्त्र संघटनेला ही स्वयंपाकघरं खुपत होती, कारण भुकेल्या माणसाला बंदुकीपेक्षा जवळचा आधार तिथं मिळत होता. १९९१ मध्ये महासंघाचं धान्याचं कोठार स्फोटानं उडवलं गेलं. १५ फेब्रुवारी १९९२ ला मोयानोची हत्या झाली. दोन मुलांची आई, वय अवघं तेहेतीस. तिच्यामागे चुली विझल्या नाहीत. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत रोजगार बुडाला, तेव्हा लिमाच्या टेकड्यांवर पुन्हा बायकांनीच सामाईक हंडे चढवले.

मग तिथं सगळं छान झालं का? नाही. याच किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा अमाप मिळतो. त्यातल्या बहुतेकाची भुकटी होऊन परदेशी जाते, तिथल्या मत्स्यशेतीला आणि जनावरांना खाद्य म्हणून. आणि २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार पेरूमध्ये सहा ते पस्तीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी त्रेचाळीस मुलांच्या अंगात रक्त कमी! आपण नाकं मुरडायचं कारण नाही. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सदुसष्ट मुलांना रक्तक्षय आढळला.

यातून मी दोन गोष्टी घेते. पहिली, मदत कुठल्याही गावची असो, ती वाढणारे हात तिथल्या बायकांचेच हवेत. आमच्या तालुक्यातही वह्या, बिस्किटं, ब्लँकेटं वाटायला गाड्या येतात. फोटो निघतात, धूळ उडवत गाड्या जातात. काय हवं हे कुणी वस्तीतल्या आईला विचारत नाही. एकदा उन्हाळ्यात स्वेटर आले होते! देणाऱ्याचं मन मोठं असेल, पण यादी तरी घेणाऱ्याची असू द्या.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. बायका प्रेमानं करतात म्हणून ते काम फुकट समजायचं का? पेरूमधल्या त्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बाईला मोबदला बहुतेकदा घरच्यांपुरतं जेवण एवढाच. सरकारं बदलली, कौतुकाची भाषणं झाली, पण रांधणारीचा पगार कुणी ठरवला नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं? शाळेत खिचडी शिजवणारी ताई आणि अंगणवाडीची मदतनीस तुटपुंज्या मानधनावर राबतात, आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून उन्हात मोर्चे काढतात. 'अन्नपूर्णा' म्हणून हळदीकुंकवाला ओटी भरली की आपलं कर्तव्य संपलं, असं होऊ नये.

तेव्हा मैत्रिणींनो, मंडळातर्फे पुढच्या वेळी काही वाटप करायचं ठरेल, तेव्हा आधी त्या वस्तीतल्या चार जणींना बैठकीला बोलवा. खरेदी त्यांना ठरवू द्या, हिशेबाची वही त्यांच्याकडे द्या. आणि ग्रामसभेत खिचडीवाल्या ताईच्या थकलेल्या मानधनाचा विषय निघाला, तर मान खाली घालून बसू नका, हात वर करा. मूल तिचं असो की आपलं, त्याच्या ताटात काय पडतं हा आपणा सगळ्यांचाच प्रश्न आहे.