सपाता जागेवर राहू द्या

१९४३ साली, जर्मन फौजांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, छायाचित्रकार ब्रासाई चित्रकार पिकासोच्या ग्रां-ऑगस्तँ रस्त्यावरच्या स्टुडिओत छायाचित्रे काढत होता. चौकट नेटकी दिसावी म्हणून त्याने पिकासोच्या सपाता जरा सरकवल्या. पिकासोच्या ते लगेच लक्षात आले. फोटो गमतीदार होईल, पण दस्तऐवज म्हणून उपयोगाचा नाही, असे त्याने सुनावले. सपाता तो कधीच तशा ठेवत नसे. ब्रासाईनेच हा प्रसंग पुढे आपल्या पुस्तकात नोंदवला आहे.

कलावंतांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे टिपणाऱ्यांना ही समज आजही लागू पडते. हाताची घडी घालून कॅनव्हाससमोर उभा केलेला चित्रकार, मागे ब्रशांची बरणी आणि बाजूने सॉफ्टबॉक्स, अशी चित्रे सध्या उदंड निघतात. चेहरा उत्तम येतो. त्या खोलीत काम कसे चालते, याचा मात्र पत्ता लागत नाही.

त्याच स्टुडिओत १९३७च्या मे-जूनमध्ये छायाचित्रकार डोरा मारने पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र टप्प्याटप्प्याने टिपले. पावणेआठ मीटर लांब आणि साडेतीन मीटर उंच कॅनव्हास तुळयांखाली सरळ मावेना, म्हणून तो तिरका टेकवलेला होता. सुरुवातीच्या टप्प्यांत आडव्या पडलेल्या योद्ध्याची मूठ वर उठलेली दिसते. अंतिम चित्रात ती नाही. पिकासोने काय रंगवले आणि काय पुसले, याचा हा पुरावा मारच्या निगेटिव्हमुळे आज हाती आहे.

छायाचित्रकार हान्स नामुथचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९५०च्या उन्हाळ्यात तो लाँग आयलंडवर चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या कोठारवजा स्टुडिओत वारंवार गेला आणि पाचशेहून अधिक छायाचित्रे काढली. आत उजेड कमी, शटर संथ. रंग ओतणारा हात कित्येक फ्रेममध्ये विरघळल्यासारखा दिसतो. ती अस्पष्टता दोष ठरली नाही, पोलॉकची गती तिच्यामुळेच कळते. १९९८ साली न्यू यॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनाच्या निमित्ताने अभ्यासक पेपे कार्मेल यांनी नामुथच्या याच साहित्यावरून चित्रांखालचे दडलेले थर उलगडून दाखवले.

पण १९५०च्याच नोव्हेंबरात नामुथच्या चलच्चित्रणासाठी पोलॉक थंडीत उघड्यावर काचेवर रंगवत होता, कॅमेऱ्याच्या सोयीने थांबत आणि पुन्हा सुरू करत. चित्रीकरण संपले त्या संध्याकाळी, सुमारे दोन वर्षे दूर ठेवलेली दारू त्याने पुन्हा हातात घेतली. सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकता येणार नाही. तरीही ‘तेवढे पुन्हा एकदा करा ना’ असे कलावंताला म्हणण्यापूर्वी छायाचित्रकाराने ती संध्याकाळ जरूर आठवावी.

तंत्राचे थोडके सांगायचे. पांढरा कॅनव्हास किंवा प्लास्टर प्रकाशमीटरला फसवते आणि चेहरा काळवंडतो. म्हणून रीडिंग त्वचेवरून घ्यावे. खिडकीचा उजेड पुरत नसेल तर फ्लॅश काढण्याऐवजी आयएसओ वाढवावा, थोडे ग्रेन चालेल. कृष्णधवलात सारख्या उजळपणाचे लाल आणि हिरवे एकाच करड्या छटेत मिसळतात, तेव्हा ईझलवरच्या चित्राची ग्रे कार्डसह एक रंगीत फ्रेम वेगळी घेऊन ठेवावी.

महाराष्ट्रात कलावंतांचे स्टुडिओ असे टिपून ठेवण्याचे काम तातडीचे आहे. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये एकेकाळी गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता हे चित्रकार शेजारी-शेजारी काम करत. ती वास्तू आता उरलेली नाही. आजचे स्टुडिओही भाड्याच्या खोल्यांत, गाळ्यांत आहेत; करार संपला की भिंतीवरच्या रंगाच्या डागांसकट सगळे जाते. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारे हात तर व्यक्तिचित्रांत क्वचितच दिसतात, आणि ही उणीव या मासिकाला फार बोचते.

पुढील अंकांसाठी अशा चित्रमालिका वाचकांकडून हव्या आहेत. एकाच स्टुडिओत निदान काही महिने जाऊन-येऊन केलेल्या कामाला पसंती राहील. प्रत्येक प्रिंटमागे तारीख, जागा, समोर चाललेल्या कलाकृतीचा टप्पा आणि हजर असलेल्या मदतनिसांची नावे, त्यांच्या संमतीने, पेन्सिलीने लिहावीत. फ्रेम जुळवण्यासाठी एखादी वस्तू हलवली असेल तर त्याचीही नोंद करावी.