पाटी लागली, सही झाली

दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या आवारात झेंडा चढतो, छातीवर बिल्ले लागतात आणि सामुदायिक शपथ होते. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ मध्ये याच तारखेला स्थापन झाली, म्हणून हा सुरक्षा दिन. शपथ संपली की साहेब केबिनमध्ये, कामगार मशीनवर आणि पाट्या भिंतीवर, जिथल्या तिथे. ‘या खुणेचा अर्थ काय रे?’ एवढा प्रश्न मात्र त्या दिवशीही कामगाराला कुणी विचारताना दिसत नाही.

खुणांनाही व्याकरण असते. पिवळा त्रिकोण म्हणजे इशारा, लाल वर्तुळातली तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळे वर्तुळ म्हणजे सक्ती. हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. स्कूटरचा शिकाऊ परवाना हवा असेल तर आरटीओ आधी रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा घेते. पॉवर प्रेससमोर उभे राहायला मात्र ठेकेदाराचा गेटपास पुरतो. सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८व्या कलमाने बजावले होते. आज चाकण-तळोज्याच्या शेडमध्ये मराठीच्या जोडीला भोजपुरी, ओडिया, बंगाली ऐकू येते. बहुसंख्यांची भाषा कोणती, हे ठरवायचे तर आधी ठेकेदाराचा हजेरीपट उघडायला हवा. तो कोण उघडतो?

चित्राला भाषा लागत नाही, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. किरणोत्साराची तीन पात्यांची खूण १९४६ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत जन्मली आणि जगभर पसरली. शास्त्रज्ञांना ती पाहताच कळते. न शिकलेल्याला त्यात पंखा दिसला तर चूक त्याची नव्हे. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारात गेलेल्या यंत्रातले सीझियम लोकांनी कौतुकाने घरी नेले. चौघांचा जीव गेला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत, विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातल्या कोबाल्टने भंगार फोडणाऱ्या एका कामगाराचा बळी घेतला. दरम्यान २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवी पूरक खूण आणली होती: लाल त्रिकोण, वरून येणाऱ्या लहरी, कवटी आणि पळणारा माणूस. ती ठरवण्याआधी भारतासह ११ देशांतल्या १६५० जणांना दाखवून त्यांना काय समजते ते पाहिले गेले. खुणेची जागाही विचारपूर्वक ठरवली: यंत्राच्या आत, म्हणजे जो खोलायला जाईल त्यालाच ती दिसावी. अमेरिकी मानकाची कसोटी तर याहून रोखठोक आहे. शंभरातल्या किमान ८५ जणांना खूण कळली पाहिजे आणि घातक उलटा अर्थ काढणारे पाचांहून अधिक नसावेत. आपल्याकडच्या भिंतींवरच्या किती पाट्या या परीक्षेत उत्तीर्ण होतील?

रुग्णालयातले संमतिपत्र हीसुद्धा एक पाटीच. शस्त्रक्रिया पंधरा वर्षांच्या मुलीची असते, सही बापाची. पाच वर्षांच्या पोराला निदान फुगा मिळतो, कुणीतरी गंमत करते. मोठ्यांना कागद मिळतो. मधल्या वयाच्या वाट्याला ‘आता तू मोठी झालीस, घाबरायचं नाही’ एवढेच येते. मग ती विचारत नाही. मध्येच जाग आली तर? भुलीत तोंडून काही निघून गेलं तर? कपडे कोण काढणार? त्याच दिवशी पाळी आली तर? वण किती मोठा राहील? हे प्रश्न डॉक्टरांना किरकोळ वाटतात, कारण त्यांच्या फॉर्मवर त्यांना रकाना नाही. तिची रात्र मात्र त्यांच्यावरच जाते.

आणि न समजण्याची किंमत नुसत्या भीतीवर भागत नाही. ‘रात्री बारानंतर काही खायचं नाही’ असे बजावले जाते. का, ते सांगितले जात नाही. भुलीत उलटी झाली तर पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते, हे कळलेला मुलगा पहाटे बिस्किटाला हात लावणार नाही. न कळलेला लावेल, आणि विचारल्यावर ओरड्याच्या भीतीने नाही म्हणेल. स्वतःशी संबंधित बाबींत मुलांचे म्हणणे ऐकले जावे, असे सांगणारा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. वॉर्डात तो अजून पोहोचायचा आहे.

दोन्हीकडे दुखणे एकच. पाटी लागली, सही झाली, की सांगणारा मोकळा होतो आणि पुढे काही घडले तर ‘सांगितलं होतं’ म्हणायला कागद तयार असतो. समजले की नाही, हे ऐकणाऱ्याचे नशीब.

उपाय बिनखर्चाचा आहे. येत्या ४ मार्चला शपथ थोडी आखडती घ्या आणि प्रत्येक पाटीखाली एका कामगाराला उभे करून तिचा अर्थ त्याच्या भाषेत सांगायला लावा. ज्या पाटीचा अर्थ चुकेल ती पाटी बदला, कामगाराला दोष देऊ नका. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईबापांना पाच मिनिटे बाहेर बसवून त्या मुलीला विचारा, ‘उद्या काय होणार आहे, ते तू मला सांग.’ तिचे उत्तर ऐकल्यावरच कागद पुढे करा.