काट्याचा कौल अपुरा

लग्नकार्यात चार माणसे जमली की प्रकृतीचा विषय हमखास निघतो. जो अंगाने भरलेला, त्याला पंगतीतच उपदेशाचे डोस मिळतात. जो किडकिडीत, त्याच्या पानात आग्रहाने आणखी दोन जिलब्या पडतात. ‘याला काय होणार आहे?’ हे त्यामागचे समर्थन! पुढे हाच किडकिडीत गृहस्थ ऐन पंचेचाळिशीत हृदयविकाराच्या झटक्याने अतिदक्षता विभागात दाखल होतो, तेव्हा घरची मंडळी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहतात, ‘पण त्यांचे वजन तर कधी वाढलेच नव्हते!’ या उद्गारातील आश्चर्य प्रामाणिक असते. ज्या समजुतीतून ते जन्मते, ती समजूत मात्र घातक आहे.

या समजुतीला छेद देणारा एक पुरावा पुण्यातूनच जगापुढे गेला. जानेवारी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी जे दोघे समान, त्यांच्यापैकी एकाच्या देहात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी!

हा केवळ भारतीय देहाचा विशेष आहे, असेही नाही. अमेरिकेतील १९९९ ते २००४ या काळातील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाचे विश्लेषण २००८मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तातील मेद अशा निकषांवर तपासले असता सामान्य वजनाच्या प्रौढांपैकी २३.५ टक्के लोकांचा चयापचय बिघडलेला आढळला. उलट स्थूल प्रौढांपैकी ३१.७ टक्के लोक त्याच निकषांवर ठाकठीक होते.

याचे मर्म चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे साठते, यात आहे. त्वचेखाली, विशेषतः मांड्या व नितंबांवर साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या पोकळीत आणि यकृतात साठलेली चरबी मात्र इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते. त्यात जेवणानंतर रक्तातील साखर शोषून घेणारे स्नायूच कमी असतील, तर स्वादुपिंडावरील भार वाढत जातो. बारीक हातपाय आणि सदऱ्याखाली झाकलेले गोल पोट हे मध्यमवर्गीय घरांतील परिचित दृश्य म्हणजे याच विकाराची पूर्वसूचना होय.

त्याची मुळे गर्भापर्यंत पोहोचतात. पुण्याजवळील सहा गावांत १९९३मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे भावी मातेच्या ताटाकडे झालेले दुर्लक्ष पुढच्या पिढीला फेडावे लागते. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांनी या आकड्यांसमोर क्षणभर थांबावे.

मग स्थूल माणसांनी निश्चिंत व्हावे काय? मुळीच नाही. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१५मध्ये आले. प्रारंभी ‘निरोगी स्थूल’ गणले गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांचा चयापचय वीस वर्षांत बिघडला होता. स्थूलांचे निरोगीपण हे बहुधा मुदतीचे असते. मात्र म्हणून त्यांची टिंगल करण्याचा परवाना कोणास मिळत नाही; टिंगलीने कोणाची रक्तशर्करा उतरलेली नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत. अशा देशात कोणाची तपासणी करायची, हे केवळ अंगकाठीवरून ठरवणे परवडणारे नाही. भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्येच इशाऱ्याच्या रेषा खाली आणल्या. निर्देशांक २३ झाला की वजन जादा, २५ झाला की स्थूलता. आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत, स्त्रीची ८० सेंटिमीटरपर्यंत गेली की धोका. जगभरच्या तज्ज्ञांच्या ‘लॅन्सेट’ आयोगानेही जानेवारी २०२५मध्ये सांगितले की, केवळ देहभार निर्देशांकावरून स्थूलतेचे निदान करू नये. काटा फेकून द्यावा असा याचा अर्थ नव्हे. त्याचा कौल अंतिम मानू नये, इतकाच.

निरोगी माणसाच्या मागे तपासण्यांचा ससेमिरा कशाला, असा आक्षेप येईल. परंतु शिंप्याची फीत जवळजवळ प्रत्येक घरात असते. कंबर मोजण्यास पैसा लागत नाही. रक्तदाब, उपाशीपोटी रक्तशर्करा आणि रक्तातील मेद यांची तपासणी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ठरावीक काळाने करून घ्यावी, मग तो लठ्ठ असो वा लुकडा. चालण्याबरोबरच सूर्यनमस्कार, जोर-बैठका अशा स्नायू कमावणाऱ्या व्यायामाला दिनक्रमात स्थान असावे. ताटात पोळी-भाताबरोबर डाळी, उसळी यांचा वाटा वाढावा, आणि तो गर्भवतीच्या ताटात आधी वाढावा.

किडकिडीत माणसाला तिसऱ्या जिलबीचा आग्रह करणारा हात प्रेमाचाच असतो, यात शंका नाही. त्याच प्रेमापोटी एकदा त्याच्या कमरेभोवती फीत धरली, तर कदाचित एखादे घर अकाली उघडे पडण्यापासून वाचेल.