राजदूत, मुरूम आणि वासरू

दोस्तांनो,

नववीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "काका, डोंगरातून, जंगलातून, नदीनाल्यांतून मोटारसायकल चालवणाऱ्यांचे व्हिडिओ मी रोज बघतो. मलाही तसंच फिरायचंय. त्यासाठी काय लागतं? बाबा म्हणतात, आधी गणिताचे मार्क आण."

गणिताचं बाबांशीच ठरव बाबा! पण तुझा प्रश्न मला आवडला, कारण तुझ्यासारखं वेड मलाही होतं.

ही हौस साधीसुधी नाही. डाकार रॅलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1978 च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारकडे निघाली. वाळवंट, दगडधोंडे, डोंगर यांतून हजारो किलोमीटर जायचं. 2015 साली ती दक्षिण अमेरिकेत झाली, तेव्हा बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी ती मोटारसायकलवर पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. आणि मुलींनो, ऐश्वर्या पिस्से हे नाव लक्षात ठेवा. त्यांनी 2019 साली अशाच कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. या लोकांनी आधी वर्षानुवर्षं सराव केला, मगच ते रॅलीत उतरले.

मी मात्र एकदम उतरलो! आता ती फजिती ऐका.

1993 सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. लायसन्स नवं कोरं, आणि गाडी मामांची जुनी राजदूत. दूधवाल्यांची आवडती गाडी ती. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून खेडोपाडी फिरायची. तिच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागायचं. मी म्हटलं, जास्त ऑईल म्हणजे गाडीची जास्त काळजी. दिलं भरपूर ओतून! मागे मित्राला बसवलं आणि वर्ध्याहून निघालो. पवनारला धाम नदी ओलांडली, पुढे सेलू, आणि तिथून हिंगणीकडे वळलो.

हिंगणी म्हणजे बोर जंगलाचं दारच. इथपर्यंत कपाशीची सपाट शेतं, आणि मग समोर एकदम सातपुड्याचे टेकाडं सुरू होतात. साग, ऐन, मोह, तेंदू, बांबू. पुढे बोर नदीवरचं धरण. डांबरी रस्त्याने गुमान गेलो असतो तर धरण पाहून संध्याकाळी घरी आलो असतो. पण मला साहस हवं होतं ना! मी शेतांच्या कडेने जाणाऱ्या एका बैलगाडीच्या वाटेवर गाडी घातली.

चढ कसाबसा चढलो. मागे निळा धूर इतका, की मित्राला खोकल्याची उबळ आली. मग उतार लागला. वाटेवर सुटा मुरूम, आणि खाली वळण. मी घाबरलो आणि वळणावरच पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक घसरलं. मी एकीकडे, मित्र दुसरीकडे, राजदूत मध्ये आडवी! माझा गुडघा सोलला आणि त्याचं कोपर. एवढ्यावरच निभावलं.

गाडी उभी केली, पण सुरू होईना. किक मारमारून पाय दुखले. प्लग काढून पाहिला तर ऑईलने काळाकुट्ट आणि ओला. माझी 'जास्त काळजी' तिथे जाऊन बसली होती.

गाडी बंद, धूर बंद, आवाज बंद. आणि तेव्हा पहिल्यांदा जंगल ऐकू आलं. वाळलेल्या सागाच्या पानांवर काहीतरी खसखसलं. दूर चार-पाच रोही, म्हणजे नीलगाई, मान वर करून आमच्याकडेच बघत होत्या. तासभर आम्ही जंगलाच्या कडेने फिरत होतो, पण एक पाखरूसुद्धा पाहिलं नव्हतं!

इतक्यात झाडीतून एक म्हातारे गुराखी आले. हातात काठी, डोक्याला फडकं.

"काहून रे पोट्टेहो? लगीन हाय काय जंगलात? केवढा तो आवाज!"

आम्ही ओशाळलो. मी म्हटलं, "बाबा, गाडी बंद पडली."

"गाडी पडली त पडली. तुमच्या फटफटीनं माहे जनावरं उधळले न! गाई आल्या वापस, पन वासरू नाही भेटून राह्यलं. दिवस बुडाला म्हंजे काय करू? हे वाघाचं रान हाय."

माझ्या पोटात गोळा आला. पडलो, खरचटलं, ते माझ्या कर्माने. पण त्या वासराने काय केलं होतं? आणि त्या म्हाताऱ्याने?

"चला माह्या संगं," ते म्हणाले. "पन तोंड बंद ठेवा."

राजदूत तिथेच ठेवली आणि आम्ही त्यांच्या मागे निघालो. ते दहा पावलं चालायचे आणि थांबायचे. कान देऊन ऐकायचे. खाली वाकून माती बघायचे. कुठे खुराचा ठसा, कुठे मोडलेली काडी. आम्हाला तिथे नुसती माती दिसत होती. एकदा मित्र काही बोलायला गेला, तर त्यांनी काठीच उगारली! ऊन पिवळं झालं, सावल्या लांबल्या, आणि मला घरची फार आठवण येऊ लागली. शेवटी नाल्याच्या काठी, बांबूच्या बेटामागे ते वासरू उभं दिसलं. थरथरत होतं बिचारं. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग कुठे आमच्याकडे बघून हसले.

परत येऊन प्लग पुसून, घासून, वाळवून बसवला. गाडी सुरू झाली. पण डांबरी रस्ता येईपर्यंत आम्ही ती बंद ठेवून ढकलत नेली. कोणी सांगितलं नव्हतं, पण सुरू करायचं मनच झालं नाही.

तर मित्रा, काय लागतं याचं उत्तर आता देतो.

पहिलं म्हणजे गाडी कळावी लागते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर पुढचा ब्रेक सगळ्यात कामाचा. पण सुट्या मुरमावर, त्यातून वळणावर, तोच चाक घसरवतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. नजर खड्ड्यावर ठेवायची नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची; गाडी नजरेमागे जाते. खडबडीत वाटेवर जाणकार लोक पायटेकीवर उभे राहतात आणि गुडघे सैल ठेवतात, म्हणजे धक्के गुडघे झेलतात.

दुसरं म्हणजे रान कळावं लागतं. बोर 1970 साली अभयारण्य झालं, आणि 2014 साली व्याघ्रप्रकल्प. तेव्हा त्याचं क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर होतं. देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत सगळ्यात लहान! एवढ्याशा जागेत वाघ मावायचा कसा? तो बाहेर पडतो, शेतं आणि रस्ते ओलांडतो. बोरचा 'बाजीराव' नावाचा वाघ 2017 च्या डिसेंबरात बाजारगावजवळ नागपूर–अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. वाघाला हॉर्न कळत नाही, दोस्तांनो. म्हणून आपली मोटारसायकल घेऊन तिथे सफारीला जाता येत नाही. वाटाड्या सोबत घेऊन, परवानगीच्या गाडीतूनच जावं लागतं. हा नियम जाचक वाटला, तर ते थरथरणारं वासरू आठवा.

तिसरं म्हणजे वय. गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी: 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. "आमचा पोरगा शेतापर्यंतच नेतो" असं कौतुकाने सांगण्याआधी थोडा विचार करा. मुरूम काही वय विचारत नाही.

मग तोपर्यंत काय करायचं? सायकल! तोल, नजर, वळण, ब्रेक, सगळं सायकलवर शिकता येतं.

एक प्रयोग करून पाहा. सायकलवर बसू नका, हाताने ढकलत चाला आणि पुढचा ब्रेक एकदम दाबा. पक्क्या जमिनीवर मागचं चाक उचललं जाईल. हाच प्रयोग वाळूत करा. तिथे पुढचं चाक फिरायचं थांबेल आणि तसंच घसरत जाईल. काय फरक दिसला, का दिसला, ते मला लिहून पाठवा.

आणि एक प्रयोग आणखी. गावाबाहेरच्या एखाद्या वाटेवर मोठ्यांबरोबर जा, सायकल झाडाला टेकवा आणि दहा मिनिटं गप्प बसा. किती आवाज ऐकू आले, त्यांची यादी करा.

वाट बघतोय. भेटू पुढच्या अंकात!

तुमचा,
काका