वाघिणीच्या दुधाची भुकटी

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर ‘30 दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असं रंगवलेलं आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘हजारो शब्द पाठ करून घेण्याची गॅरंटी’. फाडफाडचा मला राग नाही. ती जाहिरात आहे, तिनं थापा मारायच्याच असतात. राग आहे तो खालच्या ओळीचा, कारण ती खरी आहे. तिथे पोरांकडून खरोखरच शब्द पाठ करून घेतात, आणि ते पाठ करून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात बसतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझ्या अकरावीतला मुलगा ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबड्या आणि ‘टॅसिटर्न’ म्हणजे अबोल हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्याला दोन दिवसांच्या रजेचा चार ओळींचा अर्ज लिहायला सांगा, तो गाईड शोधायला लागतो. बडबड्यालाही शब्द आहे, अबोलालाही आहे; स्वतःला ताप आला आहे हे सांगायला मात्र याच्याकडे काही नाही.

चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याचं आपण पिढ्यान् पिढ्या एकमेकांना सांगत आलो. आता त्या दुधाची भुकटी झाली आहे. समानार्थींची एक पुडी, विरुद्धार्थींची दुसरी, वाक्प्रचारांची तिसरी. पाणी कुठून आणायचं ते पुडीवर लिहिलेलं नाही. पोरगं कोरडी भुकटी चघळत बसतं आणि घरचे कौतुकानं बघतात, इंग्रजी पितोय म्हणून.

या धंद्याचा धर्मग्रंथ म्हणजे नॉर्मन लुइसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. 1949 चं अमेरिकन पुस्तक. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात मिळतं, फुटपाथवर चोरून छापलेलंही मिळतं, आणि स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक अभ्यासिकेत त्याची पानं सुटलेली एक तरी प्रत असतेच. पुस्तक वाईट नाही. उलट फार हुशारीनं लिहिलेलं आहे. पण लुइसनं ते कुणासाठी लिहिलं? ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, घरात, बाजारात, भांडणात जे इंग्रजीच बोलतात आणि वर थोडी झिलई हवी आहे, अशा अमेरिकनांसाठी. त्यात डॉक्टरांचे प्रकार आहेत, माणसांच्या स्वभावाचे प्रकार आहेत, आणि एका प्रकरणात खोटारड्यांचे दहा प्रकार आहेत: सराईत, जन्मजात, निर्ढावलेला वगैरे, प्रत्येकाला वेगळं विशेषण. ज्याला ‘तू खोटं बोलतोस’ एवढं एक वाक्य इंग्रजीत न अडखळता म्हणता येत नाही, त्याच्या हातात आपण हे पुस्तक देतो. मग तो खोटारड्याचे दहा प्रकार पाठ करतो आणि समोरचा खोटारडा निर्धास्त राहतो.

क्लासवाले म्हणतील, सर, आम्ही काय करणार, परीक्षेलाच हे विचारतात. खरं आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ हे ठरलेले प्रकार. त्यांच्या सरावपुस्तकांत खुनांची एक अख्खी वंशावळ असते. बापाचा खून पॅट्रिसाइड, आईचा मॅट्रिसाइड, भावाचा फ्रॅट्रिसाइड, बायकोचा अक्सोरिसाइड, राजाचा रेजिसाइड. पद कोणतं, तर साहाय्यक, लेखापरीक्षक, निरीक्षक. या देशात आता राजा उरलेला नाही, पण त्याच्या खुनाला इंग्रजीत काय म्हणतात हे ठाऊक नसेल तर तुम्ही सरकारी फायलीला हात लावायला लायक नाही! आणि लायक ठरलेला तो उमेदवार खुर्चीत बसला की पहिल्याच आठवड्यात शेजारच्याला विचारतो, ‘साहेब, सोबत कागद जोडला आहे हे इंग्रजीत कसं लिहायचं?’

गंमत म्हणजे ज्या अमेरिकेतून हे खूळ आलं, तिथे ते उतरणीला लागलं. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेनं 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले. कॉलेजप्रवेशाच्या एसएटीनं 2016 मध्ये दुर्मीळ शब्दांच्या चाचणीला रजा दिली आणि संदर्भातून अर्थ लावता येतो का ते विचारायला सुरुवात केली. आपण मात्र त्यांच्या जुन्या याद्या वह्यांत उतरवतो आहोत. शिळं झालं की आपल्याकडे त्याची परंपरा होते.

आता हिशेबाचं बोलू. ब्राउन विद्यापीठात 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या छापील मजकुराचे दहा लाख शब्द गोळा करून मोजले. त्यात दर शंभर शब्दांत सुमारे सात वेळा एकटा ‘द’ होता, आणि सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या दीडशेपेक्षा कमी शब्दांनी निम्मा मजकूर व्यापला होता. पहिले दोन हजार शब्द नीट आले की साधारण मजकुरातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे होतात. तिथून पुढचा चढ अवघड आहे, हे मी लपवत नाही. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, शब्दकोश न उघडता कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुटुंब. म्हणजे क्लासवाल्याचा हजारांचा आकडा चुकीचा नाही. हजार कुठून सुरू करायचे, ते चुकीचं आहे. तो आठव्या हजारातले शब्द पहिल्या दिवशी विकतो, कारण पहिल्या हजारातल्या शब्दांना गिऱ्हाईक नाही. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘मेक’ शिकवतो म्हटलं तर पालक फी देतील का? ते तर पाचवीतच झालं!

झालं कुठे? याच शब्दांत सगळी गोम आहे. ऑक्सफर्डच्या 1989 च्या मोठ्या कोशात ‘सेट’ या एकट्या क्रियापदाला चारशेहून जास्त अर्थ दिले आहेत. कोणत्या नामाशेजारी ‘डू’ बसतं आणि कोणत्या नामाशेजारी ‘मेक’, ‘पुट’च्या मागे ‘ऑफ’ आलं की काय होतं आणि ‘अप विथ’ आलं की काय होतं, हे ज्याला कळलं त्याला इंग्रजी आलं. ते यादीत मावत नाही. ते शेकडो वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटावं लागतं.

हे शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं सांगून ठेवलं, आणि तेही इंग्लंडात बसून नाही. मायकेल वेस्ट हा इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधला अधिकारी ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगाली मुलांच्या शाळा बघून त्यानं 1926 मध्ये द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते असं: बहुसंख्य मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात, मग त्या अर्ध्या शिक्षणाची ‘सरेंडर व्हॅल्यू’ काय? विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय येतं, तसा हा प्रश्न. एलआयसीचे हप्ते भरणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला तो चटकन कळेल. वेस्टचं उत्तर होतं, वाचन. बोलता आलं नाही तरी चालेल, पण साधं इंग्रजी पुस्तक वाचता येऊ लागलं तर शाळा सुटल्यावरही भाषा वाढत राहते. मग त्यानं क्रमिक पुस्तकं चाळली आणि त्याला दिसलं की नवे शब्द इतक्या गर्दीनं येतात की मुलाला श्वास घ्यायला जागा नाही, आणि त्यातले कित्येक शब्द जुन्या कवितांतले, मेलेले. त्यानं ‘नॉट’ (nought) काढून ‘नथिंग’ घातला, ‘एर’ (ere) काढून ‘बिफोर’. ओळखीच्या शब्दांत नवा शब्द मोजून-मापून सोडला. पुढे 1953 मध्ये त्याची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी आली, त्यात शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरात येतो हेसुद्धा दिलेलं आहे. साम्राज्याच्या नोकरीतल्या साहेबाला ढाक्याच्या पोराची जी कणव आली, ती आपल्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आपल्याच पोरांची येत नाही.

आमच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत काय असतं? एका लांबलचक शब्दाच्या अक्षरांतून लहान शब्द शोधा. शब्दांची साखळी करा. गुण मिळवून देणारे प्रश्न आहेत, मुलं पास होतात, निकाल वर जातो, सगळे खूश. त्या साखळीतून आजवर एकही वाक्य बाहेर पडलेलं नाही.

पण सगळं खापर परीक्षेवर फोडून मी मोकळा होणार नाही. मूळ दुखणं आपल्या मानाच्या कल्पनेत आहे. आपल्याला इंग्रजी शब्द वापरायला नको असतो, दाखवायला हवा असतो. शशी थरूरांनी 2018 मध्ये आपल्या पुस्तकाची जाहिरात करताना 29 अक्षरांचा एक इंग्रजी शब्द फेकला. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ. थरूरांची ती थट्टा होती. ज्याच्या घरात इंग्रजी पाणी भरतं त्याला अशी थट्टा परवडते. आमच्याकडे एका कार्यक्रमात एका मुलीनं तो शब्द एका दमात म्हणून दाखवला आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. तिला पुढचं वाक्य विचारण्याचा दुष्टपणा मी केला नाही. याच थरूरांचं 2015 चं ऑक्सफर्ड युनियनमधलं भाषण, ब्रिटिशांनी भारताला भरपाई द्यावी असं सांगणारं, लाखो लोकांनी ऐकलं. ते बहुतांश साध्या इंग्रजीत आहे आणि म्हणूनच ते लागलं. ते कुणी पाठ करत नाही.

शाळांच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग ‘आजचा इंग्रजी शब्द’ असतो. फळ्यावर लिहितात, मोठ्यानं म्हणतात, दुसऱ्या दिवशी पुसतात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्येच दाखवून दिलं होतं की अर्थहीन अक्षरं पाठ केली की ती तासाभरातच भराभर गळू लागतात. आपण त्याच्या प्रयोगाची रोज सकाळी राष्ट्रगीतानंतर पुनरावृत्ती करतो.

पाठांतराला माझा विरोध आहे असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. पहिले दोन हजार शब्द चिठ्ठ्या करून, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतरानं पुन्हा-पुन्हा घोकलेत तर मी पाठ थोपटीन. मराठी अर्थ लिहिला म्हणून हातावर छडी मारणारे आमचे काही सहकारी आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. पण तो पाया आहे, त्यावर घर वाचनानंच चढतं. फिजी बेटांवर एली आणि मंगूभाई या दोन संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यातल्या शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या वर्गांत प्रत्येकी सुमारे 250 चित्रांची, गोष्टींची इंग्रजी पुस्तकं नेऊन टाकली. मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, घरी पुस्तकं नव्हती. आठ महिन्यांत ही मुलं नेहमीच्या दुप्पट वेगानं पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षी फायदा वाचनापुरता न राहता लिहिण्यापर्यंत पोचला.

मी हे आमच्याकडे करून बघायला गेलो. आर. के. नारायण, रस्किन बाँड आणि त्याहूनही सोप्या गोष्टींची पातळ पुस्तकं मुलांना वाटली. आठवड्याभरात एक पालक दारात. ‘सर, पोरगं बारावीला आहे. तुम्ही त्याला चिऊ-काऊच्या गोष्टी वाचायला देताय? क्लासमध्ये बघा, कसले शब्द घेतात!’ मी म्हटलं, ‘काका, त्यातलं एक पान त्याला वाचायला सांगा आणि काय वाचलं ते मराठीत विचारा.’ ते म्हणाले, ‘ते तुमचं काम आहे.’ पुस्तक परत करून गेले. दुसरा मुलगा पुस्तक नेत होता, पण शर्टात लपवून. चित्रांचं इंग्रजी पुस्तक हातात दिसलं तर मित्र हसतात. लुइस हातात असला की हसत नाहीत.

क्लासच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचा फोटो असतो, इंग्रजीच्या जोरावर माणूस कुठे पोचतो याचा दाखला म्हणून. त्यांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून, हे त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही. आणि 1936 चं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ उघडून बघा: वाक्यं सरळ आणि धारदार आहेत, दिखाऊ शब्दांची आरास नाही. युक्तिवाद करायचा असला की माणूस शब्दांचे दागिने घालून बसत नाही.

सोपी पुस्तकं महाग आहेत असंही नाही. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या गोष्टी इंग्रजीत आणि मराठीत फुकट आहेत. फुकट आहेत म्हणूनच त्यांच्यासाठी कुणी भिंत रंगवत नाही. छापील हवीत तर शंभर रुपयांच्या आसपास बरीच चांगली मिळतात. आमच्या गावातल्या क्लासची फी पाच हजार आहे. चाळीस मुलांचे दोन लाख झाले. फिजीसारखी 250 पुस्तकं आणली तर पंचवीस हजार. हा हिशेब मी क्लासच्या मालकालाच कागदावर मांडून दाखवला आणि विचारलं, बाकीचे पावणेदोन लाख कशाचे घेता?

तो जराही चपापला नाही. ‘सर,’ तो म्हणाला, ‘आम्ही सर्टिफिकेट देतो ना.’