पासिंग नको, लायसन्स नको... आणि धडक बसल्यावर?

पोस्ट लांब आहे. पण घरात इलेक्ट्रिक गाडी असेल, किंवा पोराला क्लासला जायला घ्यायचा विचार चालू असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

दोन महिन्यांपूर्वी आमचे नाना (सख्खे चुलते) पहाटे डेअरीवर दूध घालायला पायी निघाले होते. मागून इलेक्ट्रिक गाडी आली. आवाज नाही, काही नाही, थेट धडक. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला, बिल दोन लाखांच्या वर गेलं. गाडीवरचं पोरगं अकरावीचं, शेजारच्या वस्तीवरचं. त्याचाही खांदा निखळला. पण ते पळालं नाही. एका हातानं नानांना धरून बसलं आणि आम्हाला फोन केला.

पोलिसांनी विचारलं, गाडीचा नंबर? नाही. विमा? नाही. लायसन्स? नाही. पोराच्या वडिलांनी पिशवीतून दुकानाचं बिल काढलं. दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, "दादा, याला पासिंग, लायसन्स, इन्शुरन्स काहीच लागत नाही. सरकारनंच सूट दिलीय." इथपर्यंत खरं होतं. पुढं तोच म्हणाला, "ही एवढी वायर काढली की पन्नासनं पळती. काढून देऊ का?" आणि काढून दिली.

सगळा घोळ त्या वायरीत आहे. केंद्राच्या नियमानुसार मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, या तिन्ही अटींत बसली तरच गाडीला सूट. वायर काढली, कंट्रोलर बदलला, मोठी बॅटरी टाकली आणि वेग वाढला की ती कायद्यानं मोटार वाहन झाली. मग तिला नंबर पाहिजे, चालवणाऱ्याला लायसन्स पाहिजे आणि तिचा थर्ड पार्टी विमा पाहिजे. बिलावर २५ ची गाडी, रस्त्यावर पन्नासची. बिलावरच्या गाडीला विमा लागत नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीला विमा कुणी देत नाही, कारण तिचं पासिंगच नाही.

आता कमेंटमध्ये येणार, "विमा कंपन्या चोरच असतात". भाऊ, मीही त्यांना शिव्या घालणाराच माणूस आहे. पीकविम्यात कंपन्यांच्या नफ्याला लगाम घालणारा 'बीड पॅटर्न' याच जिल्ह्याच्या नावानं ओळखला जातो, आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण इथं भांडायला कंपनीच नाही. पॉलिसी असती तर पोराकडं लायसन्स नव्हतं तरी बाजू होती. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून अशा प्रकरणात बहुतेक वेळा जखमीला पैसे आधी कंपनीनं द्यायचे आणि नंतर मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होतो. पॉलिसीच नाही तर कोण कुणाकडून वसूल करणार?

वकील म्हणाले, दावा टाका, मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. कुणावर टाकायचा? पोराच्या वडिलांवर. दीड एकर कोरडवाहू, सहा महिने ऊसतोडीला. कोर्टानं उद्या आमच्या बाजूनं निकाल दिला तरी जप्त काय करायचं? बैलजोडी? नाना खाटेवर पडून म्हणतात, "त्याच्या घराला हात लावू नका." आणि बिलासाठी काढलेलं व्याजाचं कर्ज आमच्या अंगावर.

अजून एक ऐका, म्हणजे डोकं आणखी फिरेल. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख द्यायची तरतूद सरकारनं केलीय. म्हणजे ते पोरगं पळून गेलं असतं तर नानांना निदान अर्ज तरी करता आला असता. ते थांबलं, म्हणून तोही रस्ता बंद.

बरं, कायद्यात शिक्षा नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ अ बघा. नियम मोडून गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात बदल करून देणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा गाडीमागं १ लाख दंड, किंवा दोन्ही. मालकानं स्वतः बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं ५ हजार. त्यातून अल्पवयीन पोराच्या हातात मोटार वाहन दिलं म्हणून बापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, ते वेगळंच. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती, विक्रेत्यांवरही कारवाई करा असं सांगितलं होतं. मग आमच्या भागात आज कुणाची मान धरली जाते? चौकात अडवलेल्या पोराची. दुकानात जाऊन नवी गाडी पळवून बघायला किती वेळ लागतो? पंधरा मिनिटं. तेवढंही कुणी करत नाही.

पासिंगवाल्या गाडीचे मालकही ऐका. मोठी बॅटरी, बाहेरचा कंट्रोलर टाकून घेतलात आणि आरटीओला, कंपनीला कळवलं नाही, तर तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. हप्ता भरलाय म्हणून निवांत राहू नका.

नियमात बसणारी हळू गाडी वाईट नाही. म्हाताऱ्यांना, भाजी विकणाऱ्या बायांना तिचा आधार आहे. माझं भांडण त्या वायरीशी आणि ती काढून देणाऱ्याशी आहे. बँकेत वर्षाला २० रुपयांत सुरक्षा विमा योजना आहे, ती घेऊन ठेवा. पण तिच्यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे, मोडलेल्या मांडीचं बिल त्यात बसत नाही.

सोमवारी मी आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देतोय. मागण्या दोन: दुकानातल्या गाड्यांची वेगाची तपासणी करा, आणि प्रत्येक बिलावर 'वेग वाढवल्यास पासिंग, लायसन्स व विमा बंधनकारक' असं मराठीत छापायला लावा. ज्यांना दुकानातूनच वायर काढून गाडी मिळालीय त्यांनी बिलाचा फोटो इनबॉक्सला पाठवा, नाव बाहेर जाणार नाही. पोराच्या वडिलांनी त्यांचं बिल दिलंय. सोमवारी ते सोबत येतायत.